आप्पांची उजवी बाजू

आमच्या घरात आप्पांच्या डाव्या हाताला कुणी बसत नसे. जेवताना, टीव्हीसमोर, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, जिथे जाऊ तिथे आम्ही आधी त्यांची उजवी बाजू पकडायचो, कारण डावा कान केव्हाच कामातून गेला होता. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप घेऊन डावीकडे उभी, ‘आप्पा, चहा’ म्हणतेय, पुन्हा म्हणतेय, आणि हे आपले समोरच्या माडाकडे बघत बसलेले. मनात म्हटलं, सासरा भारीच ताठ दिसतोय.

सासूबाई मात्र मुद्दाम डावीकडे बसायच्या. जन्मभर तोंडावर बोलता आलं नाही ते सगळं त्या कोळंबी सोलता सोलता, अगदी शांत आवाजात, त्या डाव्या कानाला सांगायच्या. आप्पा समोर बघत अधूनमधून मान हलवायचे. “त्यांना ऐकू येत नाय ता बरा हाय गो,” त्या मला म्हणायच्या, “नायतर मी बोलले कुणाजवळ असते?”

आप्पांचा जन्म नाटे गावचा, पण संसार रत्नागिरीत, बंदराजवळच्या घरात झाला. उभा जन्म त्यांनी मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळलं. तांडेल, म्हणजे लाँचचा कप्तान, वर वाऱ्यात उभा, आणि आप्पा खाली डिझेलच्या वासात, इंजिन डाव्या हाताला घेऊन बसलेले. कान त्या इंजिनानेच खाल्ला. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. कुणी हळहळलं तर म्हणायचे, “त्याने माझा घर चालवला. एक कान घेतला तर काय मोठा घेतला?”

अशा माणसाने आवाजापासून लांब पळायला हवं होतं. पण एका पावसाळ्यात, लाँच किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आणि हाताला काम नाही अशा एका रविवारी, आप्पांनी टीव्हीवर फॉर्म्युला गाड्यांची शर्यत बघितली. बघितली म्हणजे ऐकली. कोण पुढे, कोण मागे, कुणाचा झेंडा, यात त्यांना काडीचाही रस नव्हता. ते डोळे मिटून, उजवा कान टीव्हीकडे करून बसायचे. “आमचा इंजिन कण्हता गो,” ते मला म्हणाले होते, “ह्यांचा गाता.” तेव्हापासून शर्यतीच्या रविवारी आमच्या घराच्या खिडक्या थरथरायच्या, शेजारचं कुत्रं भुंकायचं आणि सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “आवाज कमी करा.” आप्पांचा डावा कान नेमका स्वयंपाकघराकडे असायचा.

आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की हा आवाज एकदा समोर उभं राहून ऐकायचा. बहारीनला जायचं. बहारीनच का, तर तिथे शकील होता. शकील म्हणजे आप्पांच्या जुन्या लाँचमालकाचा मुलगा, नाट्याचाच, बरीच वर्षं तिकडे ड्रायव्हर. त्याचं घर शर्यतीच्या मैदानापासून फार लांब नव्हतं. “ये चाचा, खोली मोकळी हाय,” असं तो एकदा सुट्टीत येऊन म्हणून गेला, आणि त्याच्या त्या एका वाक्याने माझी पुढची कित्येक वर्षं खाल्ली.

कारण मी नोकरी करत होते ट्रॅव्हल एजंटकडे. आखातात जाणाऱ्या माणसांची तिकिटं, व्हिसा, चुकलेली नावं, पुढे गेलेल्या तारखा, यातच माझा दिवस जायचा. संध्याकाळी डोळे चोळत घरी यावं तर आप्पा ओट्यावर उजवीकडची जागा मोकळी ठेवून बसलेले. “बस गो. मगे, काय ठरला आपला?” मी दापोलीकडची. आमच्याकडे आगगाडीसुद्धा नाही, एसटीत बसायचं आणि पोचायचं, एवढाच प्रवासाचा विचार. इथे मात्र चहाचं पाणी ठेवायच्या आधी विमान. माझा नवरा, दीपक, मालवाहू बोटीवर नोकरीला. वर्षातले बरेचसे महिने समुद्रात. त्यामुळे या सगळ्या बेतात आप्पांना सोबत करणार कोण, तर मीच. मला मोटारींचं काही नव्हतं. खरं सांगायचं तर मला फक्त झोप हवी असायची.

आप्पांची बेत करायची एक रीत होती. ते परतण्यापासून सुरुवात करायचे. दर्यात जाताना डिझेल किती घ्यायचं ते परत यायला किती लागेल यावरून ठरतं, तेव्हा आधी परतीचा विचार, जाण्याचा मागाहून. मी जायच्या विमानाचं सांगायला लागले की ते हात वर करायचे. “जायला कुणीपण जाता. परतीचा काय ता बोल.” मग परतीचं विमान, मुंबईहून रत्नागिरीची गाडी, ती चुकली तर दुसरी, तीही चुकली तर कुठल्या पुतण्याकडे मुक्काम, इथवर सगळं झालं की आप्पांचं समाधान व्हायचं आणि ते जेवायला उठायचे. जायचं कधी हे राहूनच जायचं.

आणि ते राहायला कारणंही काही कमी नव्हती. कोकणातल्या माणसाला रिकामा रविवार नसतो हे मला तेव्हा कळलं. सिंगापूरची शर्यत म्हणावी तर गणपती, नाहीतर पाठोपाठ नवरात्र. अबुधाबीची म्हणावी तर गावच्या आंब्याच्या कलमांना मोहोर येण्याचे दिवस, फवारणी कोण बघणार? पावसाळ्यात आप्पा रिकामे, पण तेव्हाच्या शर्यती युरोपात, आणि तिकडे कुणी शकील नव्हता. मध्ये तीन वर्षं शर्यत आपल्याच देशात, दिल्लीपाशी झाली होती. पण ती ऐन मासेमारीच्या हंगामात, आणि आप्पा लाँचवर. राहता राहिलं बहारीन, तेही मार्चच्या आसपास, म्हणजे बहुतेक शिमग्याच्या अल्याड नाहीतर पल्याड. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. नाट्याच्या घरात ती खांद्यावर घेऊन नाचवायची ती घरच्या पुरुषाने, आणि दीपक बोटीवर असल्यामुळे घरचा पुरुष म्हणजे आप्पाच. एका वर्षी पालखी आडवी आली, एका वर्षी सासूबाईंचा गुडघा, एका वर्षी पासपोर्ट. पासपोर्टच्या वेळी तर मशीन आप्पांच्या बोटांचे ठसेच घेईना. दोर, ग्रीस आणि खारं पाणी यांनी बोटं गुळगुळीत झालेली. आप्पा पुन्हा पुन्हा बोट टेकवत त्या मशीनलाच म्हणत होते, “बाबा, हीच हायत. दुसरी नायत माझ्याकडं.” त्या दिवशी परत येताना मी रिक्षात डोळे मिटून घेतले आणि ठरवलं की आता हे प्रकरण बंद.

ते बंद झालं नाही याचं कारण कानाचे डॉक्टर. आप्पा हल्ली उजवीकडूनही ‘काय?’ विचारायला लागले होते. डॉक्टरांनी तपासलं, मशीन लावून बघितलं, आणि मला बाजूला न घेता त्यांच्या समोरच सांगितलं की हाही कान चाललाय. यंत्राने थोडं निभेल, पण फार नाही. वर्ष, कदाचित थोडं जास्त. आप्पांना ते सगळं नीट ऐकू आलं. बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या, छत्री काखेत मारली आणि म्हणाले, “मगे ह्या साली जाऊया.” मी तिथेच दवाखान्याच्या पायरीवर बसले. आता दमले असं म्हणायची सोयच राहिली नव्हती. या माणसाला तो आवाज ऐकायचा असेल तर हे एकच साल हातात होतं.

मग मी सगळं केलं. आप्पांचा अडलेला पासपोर्ट, शर्यतीची तिकिटं, विमान, व्हिसा, शकीलला फोन. दीपकही येतो म्हणाला होता, पण त्याच्या जागी येणारा माणूस वेळेवर आला नाही आणि त्याचं बोटीवरून उतरणं लांबलं. पालखीचा हिशेब आप्पांनी स्वतः केला होता. आमच्या गावची पालखी एका साली डोंगराकडच्या टोकापासून निघते, पुढच्या साली दर्याकडच्या. आमचं घर डोंगराकडे. गेल्या साली पाळी दर्याकडची, म्हणजे या साली डोंगराकडची, म्हणजे पालखी पहिल्याच दिवशी आमच्याकडे. तिला नाचवायचं, देवीच्या पाया पडायचं आणि विमान गाठायचं. त्यांनी मला हे इतक्या वेळा समजावलं की मी झोपेतही सांगितलं असतं.

निघायला थोडे दिवस असताना गावकरांचा फोन आला. गावकर म्हणजे गावातले मानकरी, पालखी यांच्याच शब्दावर फिरते. आप्पांनी फोन उजव्या कानाला लावला, आणि मोठ्याने बोलण्याची सवय असलेल्या गावकरांचा शब्द न् शब्द आम्हालाही ऐकू येत होता.

“तुझ्याकडं रविवारी सांजची पालखी.”

“रविवारी? पहिल्याच दिवशी यायची ना? ह्या साली डोंगराकडनं.”

“नाय रे. गेल्या साली कोरोनात घरोघर निघालीच कुठं? दर्याकडच्यांची पाळी ऱ्हवली ना. ती ह्या साली.”

आप्पांनी न निघालेल्या पालखीचं वर्ष हिशेबात धरलं होतं. गावाने धरलं नव्हतं. रविवारी सांज म्हणजे तिकडे शर्यत सुरू व्हायची वेळ. मी भिंतीला टेकून उभी होते. आता तारखा बदलणं, पैसे परत, शकीलला पुन्हा फोन, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण गावकर पुढे म्हणाले, “तू जा खुशाल. तुझ्या बेताचा कळलाय सगळ्या गावाला. खांदा द्यायला पोरं हायत ढीगभर. तुझ्यावाचून काय अडत नाय.”

“बरा,” आप्पा म्हणाले आणि फोन खाली ठेवला.

सासूबाईंनी तर त्याहून पुढची तयारी केली. “जावा तुमी. मी जाते नाट्याला, घर उघडते, ओटी भरते. एवढी वर्सा नाचवलीत, एक साल देवी समजून घेईल.” मी थक्क झाले, कारण या बेताला घरात सगळ्यात जास्त नावं त्यांनीच ठेवली होती. मग त्यांनीच सुचवलं, “मनात काय येत असला तर देवीला कौल लावा. उजवा दिला तर निघा.” देवीला फूल लावून विचारायचं, उजवीकडचं पडलं तर होकार, ही आमच्याकडची रीत.

“नाय,” आप्पा म्हणाले. “इचारला की ऐकायला लागता.”

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ओट्यावर बसलेले, उजवीकडची जागा मोकळी. मी बसले.

“गावकर नको जाऊ म्हणाला असता ना, तर गेलो असतो गो,” ते म्हणाले. “भांडून गेलो असतो. खुशाल जा म्हणाला.”

त्यांनी उजव्या कानावर बोट ठेवलं.

“ह्या कानात आता थोडाच उरलाय. पुढच्या शिमग्याला ढोल ऐकू येतीलच असा काय नाय. म्हंजे एक तरी सोडायलाच लागणार. गाडीचा आवाज मी कधी ऐकला नाय, तर त्याची आठवण काय येणार? ढोलाची येईल.”

मला रडू आलं. आप्पांसाठी आलं, आणि माझ्या फुकट गेलेल्या संध्याकाळींसाठीही आलं, हे लपवत नाही. “मग तिकिटं परत करते,” मी म्हटलं.

“परत कशाला? तू जा.”

“मी? मी काय करू तिकडं?”

“ऐक. नि मला येऊन सांग.” आणि लगेच, सवयीने, “परतीचा नीट बघून घे.”

अशी मी, जिला गाडीचा गिअर कुठला ते कळत नाही, एकटी बहारीनला गेले. सामानात आप्पांनी शकीलसाठी दिलेली आमसुलं आणि सुके बोंबील. आप्पांच्या जागेवर माझ्या शेजारी शकील बसला. एवढी वर्षं तो त्या मैदानापर्यंत माणसं सोडत होता, आत कधी गेला नव्हता. “चाचाच्या नशिबाचा मी बघतोय,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि त्याला ते बोचत होतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी कानात बोळे घातले. शकीलनेही घातले. मी घातले नाहीत. मला ऐकायला पाठवलं होतं.

गाड्या सुटायच्या जरा आधी मी आप्पांना फोन लावला. त्यांनी उचलला, पण नाट्याच्या अंगणात ढोल वाजत होते, पालखी दारात आली होती. “आप्पा, ऐका,” मी ओरडले आणि फोन हातात उंच धरला. तेवढ्यात गाड्या सुटल्या. मागाहून कळलं की तिकडे आप्पांनीही मला ढोल ऐकवावे म्हणून त्यांचा फोन पालखीकडे उंच धरला होता. दोघांचेही हात वर, आणि कानाला कुणीच नाही. मी पुन्हा फोन कानाला लावला तेव्हा नुसता खरखराट होता, आणि त्यात कुठेतरी गावकर गाऱ्हाणं घालत होते, आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. सासूबाईंनी नंतर सांगितलं, गाऱ्हाण्यात माझंही नाव घेतलं होतं. सून परमुलखात गेली आहे, तिला सुखरूप परत आण. ते आप्पांनीच सांगून घालायला लावलं होतं.

मी परत आले त्या संध्याकाळी बॅगसुद्धा उघडू दिली नाही. “बस,” म्हणाले. मी उजवीकडे बसले, अगदी कानापाशी.

“कसा होता?”

रस्ताभर मी शब्द जुळवत आले होते, ते सगळे कुठे गेले कोण जाणे. “आप्पा, तो कानाने नाही ऐकू येत,” मी म्हटलं. “आधी छातीत येतो. बरगड्या हलतात. मग गाडी गेलेली असते, आणि मग कानात.”

आप्पांनी विचार केला. “म्हंजे लाँचच्या फळीवर अनवाणी उभा ऱ्हवला की तळव्यात येता, तसा?”

“तसाच. पण वर चढत जाणारा.”

“गाता?”

“गातो, आप्पा.”

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर घरी जो येईल त्याला मी तो आवाज सांगायचा, अशी माझी नेमणूकच झाली. मासेवाली आली, तिला सांग. वीजमीटर बघायला माणूस आला, त्याला सांग. “माझ्या सुनेने ऐकलाय,” ते अभिमानाने म्हणायचे. मी कामावरून दमून आलेली असायची आणि तरी छातीवर हात ठेवून सांगायची, बरगड्या, मग कान.

दुसरा कान गेला तो डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच, हळूहळू, पुढच्या शिमग्याच्या आत. त्या वर्षी अंगणात पालखी नाचवताना आप्पांचा पाय एकदाही चुकला नाही, पण ती खांद्यावरून उतरवल्यावर त्यांनी मला विचारलं, “ढोल होते ना गो?” घरात आता कुणीही त्यांच्या कुठल्याही बाजूला बसू शकत होतं. सवय म्हणून आम्ही उजवीकडेच बसायचो. सासूबाईसुद्धा उजवीकडे यायला लागल्या, आणि त्यांचं ते मन मोकळं करणं बंदच पडलं. मला वाटतं, त्यांना चोरून बोलण्यात गंमत होती. आता चोरण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

शर्यतीच्या रविवारी आप्पा तसेच टीव्हीसमोर बसत. आता मात्र डोळे उघडे ठेवून. आवाज सासूबाईंच्या झोपेसाठी आम्ही अगदी बारीक केलेला असे, कधी पूर्ण बंद. गाड्या वळणावरून सरळ रस्त्याला लागल्या की आप्पा माझ्याकडे वळून बघायचे आणि विचारायचे, “तसाच हाय ना?” मी मान हलवायची. तसाच, आप्पा. एका शर्यतीत हे कितीदा तरी व्हायचं. माझ्या मांडीवर ऑफिसचं काम असायचं, डोळ्यांवर झोप असायची, आणि दर थोड्या वेळाने मी वर बघून मान हलवायची.

आप्पा गेल्या पावसाळ्यात गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. लाँच किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, त्यामुळे बंदरावरची झाडून सगळी माणसं खांद्याला होती. मी रडले ते आठवडाभराने, ऑफिसात, कुणा अनोळखी माणसाचं परतीचं तिकीट काढताना.

परवा पुन्हा शर्यतीचा रविवार होता. मी सवयीने टीव्ही लावला, आवाज सवयीने बारीक. सासूबाई आतून आल्या, पदराला हात पुसले आणि आप्पांच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. गाड्या सुटल्या. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे वळल्या.

“तसाच हाय काय गो आवाज?”

माझी मान हलायला निघाली होती. ती मी थांबवली. “नाही, आई,” मी म्हटलं. “तो याच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता.”

त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला.

“मगे वाढव की,” त्या म्हणाल्या.